मॉर्फिन घड्याळाप्रमाणे द्यायचं, दुखण्याप्रमाणे नाही

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या बाटलीवर "दुखलं तर द्या" एवढीच सूचना असेल, तर औषध घरात असूनही पेशंट दुखण्यातच राहतो. पोटातून घेतलेलं साधं मॉर्फिन वीस ते तीस मिनिटांनी जाणवू लागतं, तासाभरात त्याचा पूर्ण जोर येतो आणि चारेक तासांत ते ओसरतं. दुखणं असह्य झाल्यावर पेशंटने सांगायचं, मग घरच्यांनी देऊ की नको याचा विचार करायचा, औषध दिल्यावर पुन्हा अर्धा तास कळ सोसायची. हे दिवसातून पाच-सहा वेळा होऊ लागलं की माणूस दुखण्याला घाबरून घड्याळाकडे बघत पडून राहतो. त्या भीतीने दुखणं आणखी वाढतं, आणि उशिरा दिलेल्या डोसला ते दाद देत नाही.

नेमून दिलेल्या वेळी डोस द्यायचा, म्हणजे मागच्या डोसचा असर उतरण्याआधी पुढचा चढतो, हे पॅलिएटिव्ह उपचारांचं, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, पहिलं सूत्र आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी ते लंडनच्या मरणासन्न रुग्णांच्या वॉर्डांमध्ये पाहिलं, काटेकोर नोंदी ठेवून पडताळलं आणि १९६७ साली सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसमध्ये (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेत) त्यालाच उपचारांचा पाया केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यातही हाच आग्रह होता: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, आणि प्रत्येक माणसाला त्याला लागेल तेवढं.

खालचे आकडे उपचार समजावेत म्हणून दिले आहेत. स्वतःच्या मनाने डोस ठरवण्यासाठी ते नाहीत. मात्रा ठरवणं हे त्या पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांचंच काम आहे.

ज्याने आधी अशी औषधं घेतलेली नाहीत त्याला साधारणपणे ५ मिलिग्रॅम दर चार तासांनी सुरू करतात. वय जास्त असेल किंवा शरीर खंगलेलं असेल तर २.५ मिलिग्रॅम. वेळा अशा: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. रात्री दोनचा डोस राहतो, म्हणून बऱ्याचदा रात्री दहाचा डोस दुप्पट देतात आणि पेशंटला झोपू देतात. एरवी मात्र पेशंट झोपलाय म्हणून डोस चुकवू नये. तो झोपलाय कारण आधीचा डोस काम करतोय. त्याला सहज जागं करता येत असेल तर वेळेवर डोस द्यावा.

मधल्या वेळेत दुखलं तर काय करायचं, याची लेखी सूचना पहिल्याच दिवशी हवी. त्यासाठी जादा डोस ठरवून देतात, साधारण दिवसभराच्या एकूण मात्रेच्या एक षष्ठांश. दिवसाला ३० मिलिग्रॅम चालू असेल तर जादा डोस ५ मिलिग्रॅमचा. तो दिल्यावर तासाभराने दुखणं तसंच असेल तर पुन्हा देता येतो. प्रत्येक जादा डोस वेळेसकट वहीत लिहायचा, कारण पुढचा हिशोब त्या वहीवरच होतो. समजा दिवसात तीन जादा डोस लागले. ३० अधिक १५, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. भागिले सहा, म्हणजे आता दर चार तासांनी ७.५ मिलिग्रॅम, आणि जादा डोसही ७.५. वही नसेल तर डॉक्टरांना अंदाजाने मात्रा वाढवावी लागते, आणि अंदाज बहुतेक वेळा कमीच धरला जातो. जादा डोस घेऊनही पुढचा नेहमीचा डोस त्याच्या वेळी द्यायचाच, हे घरोघरी चुकतं.

अंघोळ, कूस बदलणं, जखमेची पट्टी बदलणं यांनी दुखतं हे ठाऊकच असतं. तिथे अर्धा-पाऊण तास आधी जादा डोस द्यायचा. सगळं उरकल्यावर देऊन फारसा उपयोग नाही.

आता बाटलीविषयी, कारण सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. मॉर्फिनचं पातळ औषध वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतं. एका बाटलीत ५ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम, तर दुसरीत तेवढ्याच औषधात १०० मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिलिग्रॅमसाठी पहिलीतून २.५ मिलिलिटर घ्यायचं आणि दुसरीतून फक्त ०.२५. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर दहापट औषध पोटात जातं. म्हणून मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्यावेत, चमच्याऐवजी खुणा असलेली सिरिंज वापरावी, आणि नवी बाटली आली की लेबल वाचूनच उघडावी. दुसरी तशीच चूक गोळ्यांची. मात्रा स्थिर झाल्यावर बारा तास पुरणाऱ्या गोळ्या देतात. त्यांतून औषध हळूहळू सुटावं अशीच त्यांची रचना असते. गिळवत नाही म्हणून ती कुटून नळीतून दिली की बारा तासांचं औषध एकदम रक्तात जातं. गिळणं अवघड होत असेल तर डॉक्टरांना सांगून औषधाचं रूप बदलून घ्यावं.

एवढं सगळं सांगूनही अनेक घरांत औषध कपाटातच राहतं. त्यामागे तीन भीती असतात, आणि त्या झटकून टाकण्यासारख्या नाहीत.

व्यसन लागेल ही पहिली. मॉर्फिन काही आठवडे घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते हे खरं. ते एकदम बंद केलं तर घाम, थरथर, पोटात कळा, बेचैनी होते, म्हणून बंद करताना पायरी पायरीने कमी करतात. पण व्यसनात माणूस नुकसान होत असूनही औषधाच्या मागे धावतो. इथे दुखणं कमी झालं तर मात्राही कमी करता येते. आधी दारूचं किंवा अमली पदार्थांचं व्यसन असलेल्या पेशंटबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगावं. त्याचंही दुखणं खरंच असतं, फक्त औषध मोजून आणि थोडं थोडं हातात दिलं जातं.

दुसरी भीती श्वास थांबण्याची. योग्य मात्रेपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या मॉर्फिनने हे क्वचित होतं, आणि झालं तरी आधी सूचना मिळते. श्वास मंदावण्यापूर्वी गुंगी वाढते. पहिले दोन-तीन दिवस किंवा मात्रा वाढवल्यावर थोडी झोप येणं अपेक्षित आहे, त्यात दुखण्यामुळे राहिलेली झोपही भरून निघत असते. पण हाक मारून, हलवूनही पेशंट नीट जागा होत नसेल, श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर पुढचा डोस थांबवून ताबडतोब डॉक्टरांना गाठायचं. एक प्रसंग घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही: रेडिएशनने किंवा मज्जातंतूच्या इंजेक्शनने दुखणं अचानक उतरलं, की कालपर्यंत बरोबर असलेली मात्रा आज जास्त ठरू शकते. अशा वेळी मात्रा कमी करायची का, हे त्याच दिवशी विचारावं.

तिसरी भीती सगळ्यात खोल असते: मॉर्फिन सुरू केलं म्हणजे आता काही उरलं नाही. मॉर्फिन आजाराच्या टप्प्यावर नव्हे, दुखण्याच्या तीव्रतेवर ठरतं. केमोथेरपी चालू असतानाही ते देतात आणि गरज संपली की बंद करतात. २०१० साली बोस्टनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग नुकताच कळलेले १५१ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह टीमही भेटत होती. त्यांना कमी त्रास झाला, नैराश्य कमी आलं, शेवटच्या काळात जोरकस उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले: मध्यम आयुर्मान ११.६ महिने, इतरांचं ८.९. एका आजारावरच्या एका अभ्यासाने सगळं सिद्ध होत नाही. पण पॅलिएटिव्ह टीमला शेवटच्या आठवड्यात बोलवायचं असतं, हा समज सोडून द्यायला तो पुरेसा आहे.

पोट साफ होणं

मळमळ पहिल्या आठवड्यात होते आणि बहुतेकांची जाते. तेवढ्या दिवसांपुरतं मेटोक्लोप्रामाइड किंवा हॅलोपेरिडॉलसारखं औषध पुरतं. बद्धकोष्ठता मात्र आपोआप जात नाही. मॉर्फिन आतड्यांची हालचाल मंदावतं आणि मलातलं पाणी जास्त शोषलं जातं. शरीराला गुंगीची सवय होते, याची होत नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या डोसच्या दिवसापासूनच पोट साफ होण्याचं औषध सुरू हवं, त्रास व्हायची वाट न पाहता.

औषध कोणतं, यालाही महत्त्व आहे. आतड्याला हालचाल करायला लावणारं, उदाहरणार्थ सेन्ना, हे मुख्य. त्याला आठ ते बारा तास लागतात म्हणून रात्री देतात. मल मऊ राहावा म्हणून जोडीला लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल. ईसबगोलासारखी चोथा वाढवणारी औषधं इथे टाळावीत. त्यांना भरपूर पाणी लागतं. पाणी कमी पिणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या आतड्यात तो चोथा घट्ट होऊन बसतो.

तीन दिवस शौचाला झालं नाही तर कळवायचं. पेशंट काही खात नाही म्हणून शौचाला होत नसेल, असं गृहीत धरू नये. काही न खाताही मल तयार होतो. आणि एक फसवं लक्षण नीट लक्षात ठेवा: बरेच दिवस काही नाही आणि मग अचानक पातळ, थोडं थोडं, न कळत होऊ लागलं, तर बहुधा खाली मलाचा खडा अडकला आहे आणि पातळ मल त्याच्या कडेने झिरपतो आहे. घरचे याला जुलाब समजून पोट बांधणारं औषध देतात आणि अडकलेलं आणखी अडकतं. इथे तपासून एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची गोळी लागते. मोठ्या वयाच्या पेशंटला अचानक भ्रम झाला, लघवी तुंबली, तर त्याच्याही मागे अनेकदा हा खडाच निघतो. पोटात कळा, उलट्या आणि वायूही सरत नाही, असं असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो. तेव्हा सेन्ना द्यायचं थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावं.

मात्रा वाढवूनही दुखत राहिलं तर

मॉर्फिनला ठरावीक कमाल मात्रा नाही. ट्रॅमॅडॉल या दुसऱ्या वेदनाशामकाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा असते, तशी इथे नसते. पण मात्रा वाढवत जाणं हे प्रत्येक दुखण्याचं उत्तर नाही. जळजळ, विजेच्या झटक्यासारखी कळ, स्पर्शही नकोसा होणं ही मज्जातंतूच्या दुखण्याची भाषा. त्याला गॅबापेंटिन, प्रीगाबालिन किंवा अमिट्रिप्टिलिनची जोड लागते, आणि त्यांचा असर दिसायला काही दिवस ते आठवडे जातात. यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं गेलं की डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टिरॉइड उपयोगी पडतं. ते सकाळी द्यावं, कारण रात्री दिलं तर झोप उडते. हाडात पसरलेल्या कर्करोगाचं एका ठिकाणचं दुखणं रेडिएशनच्या एकाच सत्राने, ८ ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक) मात्रेने, बऱ्याच जणांचं उतरतं. पूर्ण असर यायला काही आठवडे लागू शकतात, तोवर औषधं चालू ठेवायची.

कर्करोगाच्या पेशंटला पाठीत नवं दुखणं सुरू झालं, आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर ते वाढतंय, पाय जड वाटतायत, चालताना तोल जातोय, लघवीवरचा ताबा बदललाय, तर मॉर्फिन वाढवून वाट पाहू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. डेक्सामेथासोन, तातडीचा एमआरआय आणि रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया हे सगळं तासांच्या हिशोबात व्हावं लागतं. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची शक्यता फार कमी उरते.

मूत्रपिंड थकलेलं असेल तर मॉर्फिनचे उरलेले घटक शरीरात साचतात. मग हातापायांना बारीक झटके येतात, पेशंट नसलेली माणसं बघतो, अंगाला हात लावला तरी कळवळतो. याला दुखणं समजून मात्रा वाढवली की सगळंच बिघडतं. खरा उपाय म्हणजे मात्रा कमी करणं किंवा फेंटानिलसारख्या दुसऱ्या औषधाकडे वळणं. उलट्या, जुलाब किंवा पाणी कमी गेल्याने मूत्रपिंड दोन दिवसांतही मंदावू शकतं, म्हणून लघवी कमी झाली की लगेच कळवावं.

फेंटानिलच्या त्वचेवर चिकटवायच्या पट्टीबद्दल थोडंसं. ती तीन दिवस चालते, पण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात. म्हणून ती स्थिर दुखण्यासाठी, आज भडकलेल्या दुखण्यासाठी नाही. ताप आला किंवा पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली की औषध जास्त शोषलं जातं. काढल्यावरही त्वचेखाली साचलेलं औषध बराच वेळ काम करत राहतं. वापरलेल्या पट्टीत उरलेलं औषध लहान मुलाचा जीव घेऊ शकतं. चिकट बाजू आत दुमडून, टीमने सांगितलेल्या पद्धतीनेच ती टाकावी.

आणि कधी औषध बरोबर असतं, हिशोब बरोबर असतो, तरी दुखणं हलत नाही. सॉन्डर्स म्हणत की शरीर, मन, घरची काळजी आणि जगण्याच्या अर्थाचे प्रश्न मिळून एकच दुखणं होतं. हे अगदी व्यावहारिक निरीक्षण आहे. "दुखतंय" म्हटलं तर आजार वाढला असं ठरेल, या भीतीने पेशंट दुखणं लपवतो. मुलांचं काय होईल या काळजीने रात्रीचं दुखणं दिवसापेक्षा मोठं होतं. म्हणून अनुभवी टीम आधी विचारते: "तुम्हाला आजाराबद्दल काय कळलंय? आणखी किती जाणून घ्यावंसं वाटतं?" त्या उत्तरावर पुढचं बोलणं ठरतं. "त्यांना काही सांगू नका" असं घरच्यांनी म्हटलं, तरी किती ऐकायचं हे पेशंटलाच विचारणं न्याय्य आहे. बहुतेकांनी शरीरावरून बरंच ओळखलेलं असतं, आणि न बोलण्यामुळे ते एकटे पडतात.

धाप

बऱ्या न होणाऱ्या फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या आजारातही धाप दुखण्याइतकीच छळते. छातीत साचलेलं पाणी, जंतुसंसर्ग, रक्त कमी असणं अशी काढता येण्यासारखी कारणं आधी शोधायची. त्यानंतर मॉर्फिन इथेही कामाला येतं, वेदनेपेक्षा लहान मात्रेत. पण पहिला उपाय हातातला छोटा पंखा. पंधरा-वीस सेंटीमीटरवरून गाल, नाक आणि वरच्या ओठावर वारा घ्यायचा. तिथल्या मज्जातंतूंना लागलेल्या गार हवेने घुसमटीची जाणीव कमी होते. टेबलावर उशी ठेवून हात टेकून पुढे झुकून बसायचं, श्वास सोडताना घाई करायची नाही. ऑक्सिजन मात्र ज्याच्या रक्तात तो कमी आहे त्यालाच. २०१० सालच्याच एका अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन फारसा घसरलेला नव्हता अशा २३९ रुग्णांपैकी काहींना नळीतून ऑक्सिजन आणि काहींना साधी हवा दिली, तर दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. नळी मात्र नाक कोरडं करते आणि माणसाला यंत्राशी बांधून ठेवते.

गिळणं थांबल्यावर

शेवटच्या दिवसांत पेशंट खात नाही, पीत नाही. याला उपासमार समजून घरचे कासावीस होतात आणि तोंडात चमच्याने पाणी घालत राहतात. शरीर अन्न वापरण्याच्या पलीकडे गेलेलं असतं, आणि बळेच घातलेलं पाणी श्वासनलिकेत उतरतं. सलाइनने या टप्प्यावर पाय आणि फुप्फुसं भरण्याचा धोका असतो. तहानेपेक्षा कोरडं तोंड जास्त त्रास देतं. ओल्या मऊ स्पंजने किंवा कापडाने दर एक-दोन तासांनी तोंड, जीभ, ओठ ओले करावेत आणि ओठांना मलम लावावं. हे घरच्या कोणालाही करता येतं.

घशात घरघर होते ती न गिळलेल्या लाळेची. ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण बेशुद्धीत असलेल्या पेशंटला तिचा त्रास होत असल्याची चिन्हं सहसा नसतात. कुशीवर वळवून डोकं थोडं उंच करावं. गरज वाटली तर हायोसिनसारखं लाळ कमी करणारं औषध लवकर सुरू करतात, कारण आधीच साचलेलं ते वाळवू शकत नाही. नळी घालून खोलवर ओढून काढण्याने इजाच जास्त होते.

गिळता येत नाही म्हणून मॉर्फिन बंद करू नये. नेमकं याच वेळी ते बंद पडतं, आणि पेशंट सांगू शकत नसताना दुखणं परत येतं. कपाळावरच्या आठ्या, कण्हणं, हलवताना अंग आखडणं यावरून ते ओळखायचं. मॉर्फिन त्वचेखालून देता येतं, छोट्या बारीक सुईने दर चार तासांनी किंवा चोवीस तास चालणाऱ्या सिरिंज पंपाने. तोंडातून दिवसाला ६० मिलिग्रॅम चालू असेल तर त्वचेखालून साधारण निम्मं, ३० मिलिग्रॅम पुरतं. अचानक बेचैनी वाढली तर आधी लघवी तुंबलीय का, शौचाचा खडा आहे का, हे पाहायचं. दोन्ही नसेल तर हॅलोपेरिडॉल किंवा मिडॅझोलॅम देतात.

ही औषधं मध्यरात्री शोधून मिळत नाहीत. पेशंट अजून गिळू शकतोय तेव्हाच टीमशी बोलून चार औषधं घरी आणून ठेवावीत: दुखण्यासाठी, मळमळीसाठी, बेचैनीसाठी आणि घरघरीसाठी. ती मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी कुलपात, सोबत कोणत्या लक्षणाला कोणतं, किती, किती तासांनी याचा सही केलेला कागद, आणि रात्री ज्याला फोन करायचा त्याचा नंबर कुलपाच्या बाहेर लावलेला.